झारी सुधारणारा माणूस



झारी हा शब्द आपल्याला तीन ठिकाणी भेटतो. पहिले ठिकाण देऊळ. शांतिधारा होते ती झारीतून, आणि अष्टमंगल द्रव्यांतला भृंगार म्हणजेही झारीच. दुसरे ठिकाण बोलणे. एखादे काम सगळे जमून आले असताना मध्येच कुणी अडवून बसला की आपण त्याला 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतो. बळीराजा दानाचे पाणी सोडायला निघाला, तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि पाणी अडवले, अशी ती गोष्ट. तिसरे ठिकाण आपली बाग, गॅलरी, गच्ची. तुळस, मोगरा, कढीपत्ता, चार गुलाब. तिथली झारी पत्र्याची किंवा प्लास्टिकची, कोपऱ्यात उन्हापावसात पडलेली. तिच्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही.

या तिसऱ्या झारीविषयी आज लिहायचे आहे. तिला आजचे सोयीचे रूप यावे म्हणून ज्याने डोके चालवले, त्या माणसाविषयी आणि त्याच्या निमित्ताने आणखी एका मुलाविषयी.

आधी जुनी झारी कशी होती ते बघू. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात बागेला पाणी घालायला मातीचे एक गमतीदार भांडे वापरत. पोट गोल, मान निमुळती, बुडाला बारीक बारीक भोके आणि मानेच्या टोकाला एकच छिद्र. हे भांडे पाण्यात बुडवायचे, भोकांतून पाणी आत शिरून ते भरले की वरच्या छिद्रावर अंगठा दाबायचा आणि उचलायचे. बुडाला भोके असूनही थेंब गळत नाही. रोपापाशी नेऊन अंगठा काढला की पावसाच्या सरीसारखे पाणी पडते, पुन्हा दाबला की थांबते. नातवंडे सरबताच्या नळीवर बोट ठेवून तिच्यात सरबत धरून ठेवतात ना, तीच युक्ती. वरून हवा आत जायला वाट नाही आणि खालून हवेचा दाब पाण्याला तोलून धरतो. फ्रेंच लोक या भांड्याला जे नाव देत, त्यात 'गाणे' आणि 'रडणे' हे दोन्ही शब्द आहेत. पाणी भरताना ते बुडबुडे करत गाते आणि सोडताना रडते. नवरा मारला गेल्यावर ऑर्लेआँच्या एका सरदारपत्नीने, व्हॅलेंटिना व्हिस्कोंतीने, हे रडणारे भांडेच स्वतःची खूण म्हणून घेतले होते. ही गोष्ट १४०७ नंतरची.

पुढे तांब्याच्या आणि पत्र्याच्या झाऱ्या आल्या. पोट, बाजूने निघालेली तोटी, तोटीच्या टोकाला भोकांची जाळी आणि धरायला मूठ. दिसायला सगळे ठीक होते. अडचण कळायची ती उचलणाऱ्याला.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दहा लिटरची झारी भरली की भांड्याचे वजन सोडून दहा किलो हातात. चालताना हे वजन बरोबर मुठीच्या खाली असेल तर हात सरळ राहतो. पण पाणी घालायला झारी वाकवली की आतले पाणी पुढे धावते आणि भार तोटीकडे जातो. मूठ चुकीच्या जागी असेल तर हा सगळा भार मनगटाने तोलून धरावा लागतो. मग दुसरा हात बुडाला लावायचा, पदर भिजवून घ्यायचा. तोटी आखूड असेल तर रोपाच्या डोक्यावर वाकायचे. तोटीचे टोक भांड्याच्या काठापेक्षा खाली असेल तर आणखीच मजा. पाणी सगळीकडे एकाच पातळीला राहणार हा त्याचा धर्म. तेव्हा भांडे काठोकाठ भरायच्या आधीच ते तोटीतून गळू लागते आणि नळापासून कुंडीपर्यंत फरशीवर रांगोळी होते.

हे सगळे शेकडो वर्षे चालले, कारण झारी बनवणारा एक, विकत घेणारा दुसरा आणि उचलणारा तिसराच होता. पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला बाग नव्हती. बागेच्या मालकाला झारी उचलायची नव्हती. ज्या माळ्याचे मनगट दुखत होते, त्याला विचारायला कुणी गेले नाही. आपल्या स्वयंपाकघरातली कितीतरी जुनी अवजडे अशीच टिकून राहिली, याची आठवण करून द्यायला नको.

आता आपला माणूस. जॉन हॉज त्याचे नाव. इंग्रज, सरकारी नोकर. एकोणिसाव्या शतकात तो मॉरिशसमध्ये नोकरीला होता. हिंदी महासागरातले हे बेट आधी फ्रेंचांचे होते, १८१० मध्ये इंग्रजांनी ते घेतले. राज्य बदलले तरी भाषा, घरे, बागा, भांडी यांवर फ्रेंच वळण राहिलेच. हॉजला व्हॅनिलाची वेल लावायची हौस होती. त्या वेलींना पाणी घालायला त्याच्या हातात होती फ्रेंच पद्धतीची झारी, आणि ती त्याला अवघड वाटली.

व्हॅनिला म्हणजे ऑर्किडची वेल. तिची मुळे वरच्या वर, पालापाचोळ्यात पसरतात. तिला ओल हवी पण पाणी साचलेले चालत नाही. धो धो पाणी ओतले तर वरचा पाला वाहून जातो आणि मुळे उघडी पडतात. बेताने, हलके, हव्या त्या जागी पाणी पोहोचवणे हेच तिथे मुख्य काम. ज्याला रोज ते करायचे, त्याला वाईट झारी रोज त्रास देणार. इतर साहेबांप्रमाणे हॉजनेही माळ्याला हाक मारून खुर्चीत बसायचे ठरवले असते तर झारी होती तशीच राहिली असती. त्याने ती स्वतः उचलली होती, म्हणून ती जड आहे हे त्याला कळले.

त्याने झारीचा समतोल नव्याने मांडला. १८८६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याने आपल्या झारीचे पेटंट घेतले आणि लंडनच्या क्लॅप्टन भागात ती बनवायला सुरुवात केली. पेटंटात त्याने केलेला दावा मला फार आवडतो, कारण त्यात शोधाचा डौल नाही. त्याचे म्हणणे एवढेच की ही झारी न्यायला आणि कलती करायला जास्त सोपी आहे आणि वापरायला जास्त स्वच्छ. आपल्यापैकी कुणी दुकानदाराला चांगल्या भांड्याचे वर्णन करून सांगितले असते तर असेच सांगितले असते.

हॉजच्या वळणाची झारी आजही मिळते, म्हणून ती नीट बघता येते. तिची तोटी चांगली लांब असते. ती वाकू नये म्हणून भांड्यापासून तिला आधाराची दांडी दिलेली असते. लांब तोटीमुळे न वाकता मागच्या कुंडीपर्यंत पाणी जाते. शिवाय झारी कलती केली की पाण्याची पातळी जाळीपेक्षा बरीच वर राहते आणि त्या उंचीमुळे जाळीतून पाणी जोराने, सारखे येते. टोकाची पितळी जाळी काढता-घालता येते आणि तिचे तोंड वर, आकाशाकडे केलेले असते. मला आधी हे उलटे वाटले होते. पाणी खाली घालायचे तर तोंड वर कशाला? पण त्यातच खुबी आहे. जाळीतून निघालेले पाणी आधी थोडे वर उडते, तिथे त्याचा जोर संपतो आणि मग ते रिमझिम खाली येते. माती दाबली जात नाही, नुकतीच पेरलेली मेथी-कोथिंबीर उखडत नाही, कोवळ्या पानांना मार बसत नाही. जाळी खाली वळवली की तेच पाणी सरळ बुंध्याशी पडते. आणि जाळी काढून धुता येत असल्यामुळे तोटीत कचरा अडकला, म्हणजे शुक्राचार्य येऊन बसले, तर दर्भाची काडी शोधावी लागत नाही.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. म्हणून या गोष्टीतला पैशाचा भागही मला बघावासा वाटतो. इंग्लंडमध्ये १८८३ मध्ये पेटंटचा नवा कायदा झाला. त्याआधी पेटंटच्या अर्जासाठी सरकारी फीच २५ पौंड पडत असे. नव्या कायद्याने ती ४ पौंडांवर आणली. परिणाम काय झाला? १८८३ मध्ये साऱ्या देशातून सुमारे ६,००० अर्ज आले होते, १८८४ मध्ये ते १७,००० च्या वर गेले. माणसे काही एका वर्षात तिप्पट हुशार झाली नव्हती. हुशारी आधीही होती, दार तेवढे थोडे उघडले. हॉजची झारी या उघडलेल्या दारातून तीनच वर्षांनी आत आली. पेटंटची मुदत तेव्हा १४ वर्षांची होती. ती संपल्यावर कुणालाही तशी झारी बनवायला मोकळीक. हॉजच्या मागे त्याच्या पुतण्याने धंदा चालवला आणि त्या नावाने इंग्लंडमध्ये अजूनही झाऱ्या बनतात. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर पेटंट ही मालमत्ता संपली आणि नावलौकिक ही मालमत्ता उरली. पण ते नाव आता एका छापाचे झाले आहे. त्यामागे मॉरिशसमध्ये व्हॅनिलाला पाणी घालणारा कुणी एक माणूस होता, हे झारी विकत घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

इथे लेख थांबवता आला असता. पण व्हॅनिला आली की आणखी एक नाव येते, आणि ते टाळून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही.

व्हॅनिला मूळची मेक्सिकोची. तिचे फूल एका सकाळी उमलते आणि काही तासांत मिटते. फुलात परागकण आणि ते जिथे पडायचे ती जागा यांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. मेक्सिकोत हे काम तिथल्या मधमाश्यांवर सोपवलेले मानतात. फ्रेंचांनी वेल आणून मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटावर लावली, तेव्हा वेल वाढली, फुले आली, पण शेंगा धरेनात. वीस वर्षे हेच. १८३६ मध्ये बेल्जियमच्या शार्ल मॉरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने परागीकरण करून दाखवले, पण ती रीत शेतात हजारो फुलांवर चालवण्याजोगी नव्हती.

१८४१ मध्ये रियुनियनवर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने हा प्रश्न सोडवला. तो गुलाम होता. जन्मतःच आई गेलेली. त्याच्या मालकाला झाडांची आवड होती आणि हा मुलगा त्याच्या मागे बागेत फिरत असे. बांबूची बारीक काडी घेऊन त्याने फुलातला तो पडदा वर उचलला आणि अंगठ्याने परागकण योग्य जागी दाबले. काही क्षणांचे काम. शेंग धरली. मालकाने मग त्याला इतर मळ्यांवर ही रीत शिकवायला पाठवले. व्हॅनिलाची शेती पुढे या बेटांवर पसरली, ती याच काडीवर. आजही जिथे खरी व्हॅनिला पिकते तिथे बहुतेक ठिकाणी हेच करतात, एकेक फूल, हाताने.

१८४८ मध्ये रियुनियनवर गुलामी संपली. तोवर त्याला आडनाव नव्हते, ते तेव्हा मिळाले, आल्बियस. शोधाचे पैसे मात्र मिळाले नाहीत. मोठेपणी एक नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ, ही रीत आपणच आधी दाखवली होती, असे म्हणू लागला. तेव्हा त्याच्या जुन्या मालकाने पत्रे लिहून शोध एडमंडचाच असल्याचे ठामपणे सांगितले, म्हणून निदान नाव तरी राहिले. १८८० मध्ये आल्बियस गरिबीतच वारला.

आता दोघांना शेजारी ठेवून बघा. वेल एक, समुद्र एक, बेटे शेजारची. हॉजने व्हॅनिलाला पाणी घालायची झारी सुधारली. आल्बियसने व्हॅनिलाला फळ कसे धरवायचे ते दाखवले, जे त्याहून कितीतरी मोठे काम. एकाकडे नोकरी होती, फावला वेळ होता, इंग्रजी कागद लिहिता येत होता आणि ४ पौंड होते. दुसरा स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत होता. ज्याची स्वतःवर मालकी नाही त्याची शोधावर कुठून असणार? हॉजचे श्रेय यामुळे कमी होत नाही. पण श्रेयाची वही कुणाच्या हातात असते, हे यातून कळते.

मॉरिशसशी आपल्या मराठी माणसांचे नातेही आहे. गुलामी बंद होत आली तसे ऊस लावायला माणसे हवी झाली आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेऊ लागले. सुमारे साडेचार लाख माणसे तिथे उतरली. पोर्ट लुईचा तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठी अजून जपली आहे आणि गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. हॉज तिथे नोकरीला होता तेव्हा उसाच्या मळ्यांत आणि साहेबांच्या बंगल्यांत आपल्याकडची ही माणसे राबत होती. पाणी शेंदणारे, वाहणारे, घालणारे हात पुष्कळ होते. त्यांच्यातल्या कुणाला झारीची अडचण कळली नसेल, उपाय सुचला नसेल, असे मी मानत नाही. फक्त तो कागदावर उतरला नाही.

हे मी इतक्या खात्रीने म्हणते, कारण घरोघर असेच घडताना बघितले आहे. माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. आमच्या परसात त्या पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्याने पाणी घालत. बोटे कापत म्हणून त्यांनी पत्र्याचे काम करणाऱ्याला घरी बोलावले, डब्याला आडवी लाकडी मूठ वरून आणि एक मागून बसवून घेतली आणि तोंडाला जुन्या चाळणीचा तुकडा डाग देऊन लावायला सांगितला. तो म्हणाला, 'असं कुणी करत नाही.' त्या म्हणाल्या, 'मग आपण करू.' पुढे गल्लीतल्या चार घरी तसे डबे झाले. त्या डब्याला सगळे 'मागच्या मुठीचा डबा' म्हणत. सासूबाईंचे नाव कुणी घेत नसे, आणि त्यांनाही ते चुकल्यासारखे वाटत नसे. मला मात्र आता वाटते.

नवी झारी घ्यायची असेल तर हॉजची शिकवण उपयोगी पडते, म्हणून चार गोष्टी सांगते. दुकानात रिकामी झारी सगळ्याच हलक्या लागतात. जमत असेल तर निम्मी भरून मागा, उचला आणि कलती करून बघा. मनगट वळते की नुसता हात उचलला जातो, ते लगेच कळेल. आपल्या वयाच्या बायकांना पाच लिटरची पुरे, दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील. तोटीचे टोक भांड्याच्या काठाच्या वर आहे ना ते बघा. जाळी निघते का ते बघा, निघत नसेल तर घेऊ नका. आणि पाणी गाळून भरा. आपल्याकडे ते सांगायला नको, पण गाळल्यामुळे जाळीची भोके बुजत नाहीत हा वरचा फायदा. पाइप लावून पाणी सोडून देण्यापेक्षा झारीने घातलेले पाणी मोजके जाते. माझ्या चोवीस कुंड्या तीन झाऱ्यांत भागतात. मे महिन्यात हा हिशेब फार महत्त्वाचा.

आणखी एक करा. आपल्याकडे प्रत्येक घरात एक वही असते. किराण्याची, लोणच्याच्या प्रमाणांची, देण्याघेण्याची. तिच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा की आपल्या घरातली कोणती वस्तू, कोणती रीत, कुणी सुधारली. पापडाच्या पिठाचे प्रमाण कुणी बसवले, दिव्याच्या वातीची सोपी युक्ती कुणाची, वाळवणावर कावळे येऊ नयेत म्हणून दोरी बांधायचे कुणाला सुचले. पुढे नाव लिहा, गाव लिहा, साल आठवत असेल तर तेही. नुसते 'आजी' किंवा 'काकू' लिहू नका, पूर्ण नाव लिहा. आल्बियसचे नाव राहिले ते कुणीतरी वेळेवर पत्र लिहिले म्हणून. आपल्याला तर पत्रही लिहायचे नाही, फक्त वही उघडायची आहे.